सोवळ्याच्या घरचा दावा

आमच्या वन्संचा दावा कोर्टात चालू होता तेव्हा बऱ्हाणपुरातल्या शहाण्या माणसांनी आम्हाला जे सल्ले दिले, त्यांची मी मनातल्या मनात प्रतवारी लावली होती. मला प्रत्येक गोष्टीची प्रतवारी लावायची सवय आहे. डाळींची, कपड्यांची, पाहुण्यांची. पहिल्या प्रतीचा सल्ला असा, की मुलीला समजावून नवऱ्याकडे परत धाडा. दुसऱ्या प्रतीचा, समजत नसेल तर तशीच धाडा. तिसऱ्या प्रतीचे सल्लागार जरा शिकलेले होते. ते म्हणत, थोडे दिवस ठेवून घ्या, अंगात ताकद येऊ द्या, मग धाडा. न धाडण्याचा सल्ला कोणत्याच प्रतीत नव्हता.

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. आमच्या घरात तेव्हा चारच माणसं. मामंजी महसुलातल्या कानूनगोच्या जागेवरून पेन्शन घेऊन निघालेले. हे शाळेत मास्तर. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या, त्यामुळे किल्ल्या, कोठी आणि नणंद ही तिन्ही मला एकदमच मिळाली. वन्संच्या पत्रिकेत कडक मंगळ होता. बरोबरीच्या मुलींची पोरं अंगणात धावू लागली तरी वन्संचं लग्न जमेना. वीस वर्षांची कुमारिका घरात असणं म्हणजे काय, हे आता सांगून कळायचं नाही. हळदीकुंकवाला गेलं की बायका वन्संना विचारत, "काय, अजून माहेरची भाकर गोडच लागते का?" वन्सं हसून म्हणत, "वहिनी करतात, म्हणून लागते."

शेवटी एक बिजवर मिळाला. वय पस्तिशीच्या आत, घरचा कलाबत्तूचा, म्हणजे सोन्या-चांदीच्या जरीचा धंदा, माल पार सुरतेपर्यंत जाणारा. पहिली बायको बाळंतपणात गेली असं सांगण्यात आलं. मूल कुठे आहे, हे कोणी विचारलं नाही. बाळंतपण झालं म्हणजे मूल जगलेलं किंवा मेलेलं काहीतरी असतंच, एवढा हिशेब आमच्याकडच्या एकाही पुरुषाच्या डोक्यात आला नाही. त्यांना पाहायचं होतं ते त्यांनी पाहून घेतलं होतं. ते घर सोवळ्याचं होतं.

त्या घराच्या सोवळ्याची गावभर कीर्ती होती. गिऱ्हाइकाने दिलेले रुपये धुऊन पेटीत टाकत. चुलीत घालायच्या लाकडांवर पाणी शिंपडत. जाळी करंजाच्या हौदावरून पिण्याचं पाणी आणायचं ते घरच्या माणसाने, ओल्या धोतराने, आणि वाटेत कोणी शिवलं तर हंडा ओतून परत फिरायचं. विहीणबाई स्वतः पहाटेपासून सोवळ्याची लोकरी धाबळी नेसून वावरत. इतकं पाळणाऱ्या घरात माणसं देवासारखीच असणार, असा तर्क सगळ्यांनी केला. लाकडं धुणारा माणूस बायकोलाही जपेल, असं का कोण जाणे, सगळ्यांना वाटलं.

लग्नानंतर सहाएक महिन्यांनी आखाजी आली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात. हे बहिणीला आणायला गेले. बैलांची दमणी दारात थांबली तेव्हा वन्सं आत बसलेल्या नव्हत्या, दांडीला धरून उभ्या होत्या. शनवाऱ्याच्या वेशीपासून उभ्याने आल्या म्हणे. ह्यांना वाटलं, झोका खेळायची घाई झालीय. मास्तर माणूस. मुलांच्या हजेरीत कोण नाही ते त्यांना बरोबर कळतं, समोर कोण कसं उभं आहे ते कळत नाही.

आजारी माणूस मी डोक्यापासून पायापर्यंत पाहते. डोळे आत गेलेले. अंग गरम. मनगटावर बांगड्यांच्या वर निळे वळ. पाऊल टाकताना पोटावर हात. मी त्यांना कोठीच्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि बसा म्हटलं. त्या म्हणाल्या, "इथे नको. मी बाहेरची आहे, वहिनी. तिकडेही बाहेरचीच असते."

"केव्हापासून?"

"थांबतच नाही."

मग त्यांनी सांगितलं. फार नाही सांगितलं, मीही खोदून विचारलं नाही, आणि इथेही सगळं लिहिणार नाही. पहिल्या दिवसापासून त्या नको म्हणत होत्या. नवरा म्हणाला, आधीचीही असंच म्हणायची. त्यांना दुखापत झाली, ती भरायला कधी वेळ मिळालाच नाही. रक्त जात राहिलं. सासूने ते विटाळात जमा केलं आणि सुनेचं अंथरूण मागच्या पडवीत टाकलं. वन्संना उलट बरं वाटलं.

"मला वाटलं, बाहेर बसलं की निदान तेवढे दिवस सुटका. शिवायचंच नसतं ना."

"मग?"

"येतात तरी. पहाटे आंघोळ करून घरात जातात."

मी सणाचा स्वयंपाक अर्धा टाकला आणि बायकांच्या दवाखान्यात लेडी डॉक्टर होती तिच्याकडे त्यांना घेऊन गेले. ती परगावची, ख्रिस्ती, आवाजाने चढी. गावातल्या बायका तिला भीत, आणि अडलं की तिच्याकडेच जात. तिने तपासायला बराच वेळ घेतला. बाहेर आली तेव्हा हात पुशीत मला म्हणाली की हा महिन्याचा विटाळ नाही, ही आतली जखम आहे, ती चिघळली आहे, ताप त्याचाच आहे. बाई जगेल. मूल होण्याची आशा धरू नका. आणि मग, मी विचारायच्या आधीच, "इसे वापस भेजोगे तो अगली बार मेरे पास मत लाना. सीधे घाट पर ले जाना."

एवढं स्पष्ट बोलणारं माणूस मला त्या सगळ्या प्रकरणात दुसरं भेटलं नाही.

मी कामं वाटून घेतली. औषधाच्या लाल पाण्याचे शेक, कपडे उकळणं, पेज, ही माझ्याकडे. वकील गाठणं ह्यांच्याकडे. मामंजींकडे काही दिलं नाही, कारण त्यांचं हात जोडून घरात फेऱ्या मारणं आधीच सुरू झालेलं होतं.

वकील मोठ्या घराण्यातले, काशीचं गंध लावणारे. ह्यांनी सगळं सांगितल्यावर त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवून विचारलं की मुलगी सज्ञान आहे का. आहे. लग्न विधीने लागलेलं आहे का. आहे. मग ते म्हणाले, "मास्तर, कायद्याच्या दृष्टीने तिथे घडलं काय? काहीच नाही."

हे घरी येऊन मला सांगताना ह्यांना ते खरंच वाटू लागलं होतं. वकिलाच्या तोंडून ऐकलं की माणसाला स्वतःच्या बहिणीचा तापसुद्धा खोटा वाटतो. त्याच दिवसांत आमच्या चौकात एका टांगेवाल्याला शिपायाने धरलं होतं, घोड्याच्या पाठीवर जखम असताना जुंपला म्हणून. त्याला दंड झाला. मी ह्यांना म्हटलं, वकिलांना विचारून या, वन्संना घोडा म्हणून उभं केलं तर चालेल का. हे विचारायला गेले नाहीत.

नवरा रात्री-अपरात्री पडवीत जायचा, ती विटाळशी असतानाही जायचा, हेही ह्यांनी वकिलांना सांगितलं होतं. त्यावर वकिलांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. म्हणाले, हे असलं कोर्टात बोलायचं नसतं. आणि पुरावा काय? ती हो म्हणणार, तो नाही म्हणणार, पडवीत तिसरं कोण होतं?

आखाजी झाली तशी सासरहून न्यायला माणूस आला. आम्ही धाडलं नाही. पुन्हा आला. मग जातभाई आले, मग भटजी आले, मग कोर्टाचा शिपाई आला. जावयाने दावा लावला होता की माझी बायको विनाकारण माहेरी बसली आहे, तिने नांदायला यावं असा हुकूम व्हावा. वकिलांनी समजावलं की हुकूम झाला आणि तो मोडला, तर बाईला दिवाणी कैद होऊ शकते. म्हणजे ज्याने जखम केली त्याच्या बाबतीत कायद्याला काही घडलेलंच दिसत नव्हतं, आणि जखम झालेली बाई जखम करणाऱ्याकडे जात नाही म्हटल्यावर कायद्याला लगेच तुरुंग आठवला. असला कायदा विलायतेहून बोटीत घालून आणायची काय गरज होती, आमच्या आळीतल्या बायकांनी इथेच बसल्या बसल्या करून दिला असता.

कैद शब्द ऐकून मामंजी पार खचले. कानूनगोची लेक तुरुंगात. उभ्या तहसिलीत तोंड दाखवायला जागा नाही. एक दिवस त्यांनी मला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं की वन्संची पेटी भर. म्हणाले, "सूनबाई, बाईमाणसाला थोडंफार सोसावंच लागतं."

"किती, ते सांगा मामंजी," मी म्हटलं. "म्हणजे तेवढं झालं की ह्यांना आणायला पाठवता येईल."

ते ओसरीकडे वळले. पेटी मी भरली नाही. पण वन्संनी हे आतून ऐकलं होतं. त्या दुपारी शेक घेताना त्यांनी मला विचारलं, "वहिनी, तुरुंगात बायकांना वेगळी कोठडी असते ना?"

"असते म्हणतात."

"आणि रात्री बाहेरून कुलूप लावतात ना?"

"लावतात."

"मग मला चालेल," त्या म्हणाल्या, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांनी स्वतःहून भात मागितला.

मामंजींना मी हे शब्दाला शब्द सांगितलं. त्यानंतर पेटीचा विषय त्यांनी काढला नाही.

कोर्टात आम्ही दोघी आत जात नसू. बाजूच्या ओसरीत खिडकीखाली पडदा धरून बसायची सोय ह्यांनी करून घेतली होती. मी जाताना उशी, तांब्या, भाकरी, जाडे कपडे आणि अंगावर घालायला चादर असं सगळं बांधून नेई, कारण वन्संना फार वेळ एका जागी बसवत नसे. आतलं बोलणं सगळं ऐकू यायचं, जे दिसत नसे ते हे नंतर सांगत.

पहिल्यांदा लेडी डॉक्टरची साक्ष झाली. तिने दवाखान्याचा दाखला दिला होता आणि उभी राहून तो वाचून दाखवला. जावयाच्या वकिलांनी एकच मुद्दा धरला. विचारलं, आपलं लग्न झालंय का? ती नाही म्हणाली. मग नवरा-बायकोच्या गोष्टी आपल्याला कशा कळणार? आत हशा झाला. जनावरांच्या डॉक्टरला, तुम्हाला शेपूट आहे का, असं कोणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. पण इथे तो मोठा मुद्दा ठरला. जज्जसाहेबही हसले असावेत, कारण हसू लगेच थांबलं नाही.

मग जावई. त्यांनी सांगितलं की मी हिला सोन्यासारखं ठेवलं, कधी हात उगारला नाही, पण ही कामचुकार, आल्या दिवसापासून विटाळाचं निमित्त करून महिन्यातले बरेच दिवस बाहेर बसून खायची. वन्सं माझ्या शेजारी भिंतीला टेकून हे ऐकत होत्या. आमचे वकील उठून दोन प्रश्न विचारून बसले. बाहेर येऊन ह्यांना म्हणाले की लक्षण ठीक दिसत नाही, तडजोड बघा. मुलीला परत धाडायचं आणि नवऱ्याने सहा महिने सबुरी धरायची, असं लिहून घेता येईल. मी पडद्याआडून विचारलं की सबुरी धरली नाही तर काय करता येईल. वकील म्हणाले, तसं काही करता येणार नाही.

पुढच्या तारखेला विहीणबाई आल्या. तसल्या घरातली बाई कोर्टात येत नाही, पण त्यांना राहवलं नाही. सून कामचुकार होती हे सांगायला त्यांच्यापेक्षा चांगला साक्षीदार कोण? आल्या त्या झाकलेल्या गाडीतून, बरोबर स्वतःचा पाट, स्वतःचा तांब्या. साक्षीदाराच्या कठड्याला हात लावायला सांगितलं तर म्हणाल्या, कोणकोणत्या जातीने धरला असेल. त्यांच्या गड्याने कठड्यावर पाणी शिंपडलं तेव्हा कुठे त्या आत उभ्या राहिल्या. जज्जसाहेबांनी हे सगळं होईपर्यंत लेखणी खाली ठेवून वाट पाहिली. ते स्वतःही धार्मिक गृहस्थ होते.

जावयाच्या वकिलांनी संधी साधली. घर कसं खानदानी आहे हे जज्जसाहेबांच्या मनावर ठसवावं म्हणून त्यांनी विचारलं की माताजी, आपल्या घरात धर्म कसा पाळतात ते साहेबांना सांगा.

विहीणबाई खुलल्या. एरवी सोवळं कसं पाळावं हे त्या हळदीकुंकवाच्या बायकांना सांगत, आज खुद्द सरकारने विचारलं होतं. त्यांनी रुपये सांगितले, लाकडं सांगितली, जाळी करंजाचा हंडा सांगितला. मग म्हणाल्या, "आता ही सून. महिन्यातले वीस-वीस दिवस बाहेर बसून राहायची. पण मी घरात विटाळ कालवू दिला नाही. मागच्या पडवीत हिचं अंथरूण, हिचं ताट, हिचा तांब्या. वरून वाढायचं. हिची सावली पडू दिली नाही मी चुलीवर."

वकील खूश होऊन खाली बसले. आमचे वकील रीत म्हणून उठले. दूधवाल्याला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मग त्या पडवीत तिच्याकडे कोणीच जात नसेल?"

"जायचा ना माझा मुलगा," विहीणबाई म्हणाल्या.

जावयाचे वकील खोकले. विहीणबाईंना तो खोकला आपल्या सोवळ्यावरची शंका वाटला असावा. त्यांचा आवाज चढला. "पण तसाच घरात नाही घेतला मी त्याला. मी काय खोटं बोलून राहिली का? पहाटे मी स्वतः विहिरीवर उभी राहायची. डोक्यावरून आंघोळ, मग गोमूत्र, मग जानवं बदलायचं, मग उंबरा. कितीही थंडी असो. माझ्या हातून एक दिवस चुकला नाही. इतकं कोण पाळतं गावात, सांगा."

आमचे वकील एव्हाना पुरते जागे झाले होते. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "आणि सूनबाई? त्यांची मर्जी असायची?"

"तिची कशाची मर्जी. ओरडायची. मी दारातून सांगायची, बाई, हळू, आत देवाचा दिवा लागलाय."

मग जज्जसाहेबांचा आवाज आला, आणि तो आवाज आधीचा नव्हता. "विटाळात? बाई, विटाळात?"

"हो, पण घरात यायचा तो आंघोळ करूनच," विहीणबाई म्हणाल्या. त्यांना अजूनही वाटत होतं की साहेब आंघोळीची खात्री करून घेत आहेत.

मी वन्संकडे पाहिलं. मला वाटलं होतं त्या रडतील. त्या भिंतीपासून जरा पुढे सरकून ऐकत होत्या, जत्रेतला अजब खेळ बघावा तशा. म्हणाल्या, "वहिनी, त्यांनी खरं सांगितलं."

निकाल पुढच्या महिन्यात लागला. हे ऐकायला गेले होते. त्यात काय होतं ते मी त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं, म्हणून माझ्या चांगलं लक्षात आहे. लेडी डॉक्टरच्या दाखल्याला महत्त्व देण्याचं कारण नाही. नवऱ्याने आपल्या हक्कासाठी थोडी जबरदस्ती करणं म्हणजे छळ नव्हे. नको म्हणणं हे बायकोचं कारण होऊ शकत नाही. परंतु. ह्या परंतुवर आमची वन्सं वाचली. परंतु रजस्वला स्त्रीला स्पर्श करणं हे शास्त्राने महापातक मानलं आहे, असा स्पर्श वारंवार झाल्याचं वादीच्या आईनेच शपथेवर सांगितलं आहे, अशा घरात धर्मनिष्ठ स्त्रीला राहायला लावणं म्हणजे तिच्या देहाचा आणि धर्माचा छळ होय. दावा रद्द.

म्हणजे तिला लागलं, हे कोर्टाला कळलं नाही. तिने नको म्हटलं, हे कळलं आणि उपयोगाचं वाटलं नाही. ती ओरडली, हेही सासूच्या तोंडून कळलं, त्याचं निकालात एक ओळसुद्धा नाही. कोर्टाच्या अंगावर काटा आला तो नवरा पाप करून बसला म्हणून. बायको हे त्या पापाचं नुसतं ठिकाण होतं.

मी पेढे घेऊन लेडी डॉक्टरकडे गेले. निकाल ऐकून ती संतापली. म्हणाली, पण तो विटाळ नव्हताच, मी लिहून दिलं होतं, ती जखम होती. हे अपिलात सांगितलं पाहिजे. मी म्हटलं, बाई, आपण जिंकलोय, पेढा घ्या आणि गप्प बसा. तिने पेढा घेतला नाही. तिचं बरोबर होतं, पण माझ्या घरात जी बाई होती ती तिच्या घरात नव्हती.

अपील जावयाकडूनही झालं नाही. त्यांच्या वकिलांना ते लगेच कळलं असणार. विटाळाचं पातक खोडायचं तर तो विटाळ नव्हता असं म्हणावं लागलं असतं. मग काय होतं, हा पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर दाखल्यात लिहिलेलं होतं. हे लोक पाप कबूल करू शकत होते. पापाला प्रायश्चित्त असतं. जखमेला नसतं.

प्रायश्चित्त मात्र दणक्यात झालं. राजघाटावर तापीत स्नान, पंचगव्य, होम, आणि गावजेवण. कोर्टात कठड्यावर पाणी शिंपडणारा गडी आम्हालाही आमंत्रण द्यायला आला. ह्यांना वाटलं, चुकून आला असेल. मी म्हटलं, चुकून नाही, त्यांच्या लेखी आता सगळं फिटलं. आळीतल्या पुष्कळ बायका जेवून आल्या आणि जिलबी चांगली होती असं मला येऊन सांगून गेल्या. एकीने तर म्हटलं की आता शुद्ध झालाय, आता धाडायला हरकत नसावी. मी तिला त्या दिवसापासून कोणत्याही प्रतीत धरलं नाही.

वन्संची प्रकृती कधीच पूर्ववत झाली नाही. ताप महिन्या-दोन महिन्यांनी उलटे. कंबर धरून चालत. हंडा उचलणं, जात्यावर बसणं बंद. कायद्याने त्या त्याच माणसाच्या बायको होत्या आणि मरेपर्यंत राहणार होत्या. त्याला दुसरी, तिसरी, हवी तितकी लग्नं मोकळी होती. वर्ष फिरायच्या आत तो तिसऱ्या लग्नाच्या खटपटीला लागला, आणि जवळच्या फोपनार गावचं एक स्थळ जवळजवळ ठरलं. मुलगी चांगली मोठी होती, घरी कापसाची शेती, बाप सरळ माणूस. तो चौकशीला मुद्दाम आमच्याकडे आला, ह्याचं मला कौतुक वाटलं. ते कौतुक पुढच्या वाक्यापर्यंत टिकलं.

"कानूनगोसाहेब, मला एवढंच सांगा," त्याने मामंजींना विचारलं, "प्रायश्चित्त शास्त्राप्रमाणे पुरं झालं ना?"

मामंजी म्हणाले, झालं. ते खरं होतं, आणि त्यांना विचारलंही तेवढंच होतं. खोटं न बोलता माणसाला किती वाईट वागता येतं, हे पेन्शनरांकडून शिकावं. मी आतून पुढे होऊन त्या माणसाला सांगितलं की प्रश्न पापाचा नव्हता, ती बाई मरता मरता वाचली. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मामंजींना म्हणाला, कोर्टाचा निकाल मी वाचवून घेतलाय, त्यात असं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं न्हाऊन, लुगडं बदलून माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "वहिनी, गाडी सांगा."

"कुठे?"

"फोपनारला."

मी कारण विचारलं नाही. त्यांना गाडीत आडवं होता यावं म्हणून खाली पेंढा, त्यावर गादी घातली, पाण्याचा तांब्या आणि औषध बरोबर घेतलं. मामंजी ओसरीवर होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि पोथी उघडली. वाटेत खड्डा आला की वन्सं ओठ दाबत, पण गाडी हळू हाकू द्यायच्या नाहीत.

पुढच्या दाराने गेलो असतो तर पुरुषांनी ओट्यावरूनच परत पाठवलं असतं, म्हणून आम्ही मागच्या अंगाला गाडी सोडली. मुलीची आई परसात बसून कापसातली किडकी कवडी वेचून काढत होती. मुलगी शेजारी. मी आमची ओळख सांगितली. बाईने मुलीला आत जायला सांगितलं. वन्सं म्हणाल्या, तिला राहू द्या.

त्या बसल्या नाहीत. कोर्टात त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. दाव्यात त्यांचं नाव होतं, वय होतं, लग्नाची तिथी होती. त्यांचं बोलणं कुठेच नव्हतं. त्या परसात उभं राहून वन्सं पहिल्यांदा परक्यापुढे बोलल्या.

"बाई, मला विटाळ नव्हता. मला जखम होती. त्यांनी केलेली. अजून भरलेली नाही."

बाईने वन्संच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्यांच्या पोटावरच्या हाताकडे. कापूस मांडीवरून बाजूला सारला आणि विचारलं, "आणि पहिली?"

"मी तिला पाहिलं नाही. पण तीही नको म्हणायची, असं ते स्वतः म्हणाले."

बाईने आणखी काही विचारलं नाही. मुलीला म्हणाली, आत्याबाईंना पाणी आण, आणि बाज टाक, त्यांना पडू दे. आम्ही तिथे तासभर होतो. स्थळाचा विषय निघाला नाही. चार दिवसांनी कळलं की फोपनारवाल्यांनी पत्रिका जमत नाही असं सांगून नारळ परत केला. बापाने पत्रिकेचं सांगितलं, आईने त्याला काय सांगितलं ते तिचं तिला ठाऊक.

पण लग्न व्हायचं थांबलं नाही. त्यांचा माल विकायला जायचा तिकडेच, दूर खानदेशात, जिथे बऱ्हाणपूरच्या कोर्टाची गोष्ट पोचलेली नव्हती, तिथे त्यांनी पुढची मुलगी पाहिली. आम्हाला उशिरा कळलं. साखरपुडा होऊन गेला होता, अक्षता पडायच्या होत्या. बातमी आणणारीने ती दारातच सांगितली आणि वन्सं काय म्हणतात हे बघायला थांबून राहिली. वन्सं तांदूळ निवडत होत्या. त्यांनी गावाचं नाव पुन्हा विचारून घेतलं.

मग मला म्हणाल्या, "गाडीने किती लांब?"

"गाडीने नाही जमायचं," मी म्हटलं. "आगगाडी. एका ठिकाणी बदलायची."

"मग आगगाडीचं बघा," त्या म्हणाल्या.

मी ह्यांना वेळ विचारायला स्टेशनावर पाठवलं आणि गादीऐवजी काय नेता येईल ते बघायला आत गेले.